एकवीस बोल्ट

यंदाच्या वैशाखात एके दिवशी सकाळी तेलाची कांडी ओढून पाहिली, तेव्हा तिच्या टोकाला लागलेले तेल दूध घातलेल्या चहासारखे पिंगट आणि फेसाळ दिसले, आणि आमच्या जुन्या फार्गो ट्रकचे हेड पुन्हा एकदा उतरवावे लागणार हे मी मनाशी कबूल केले. मामलेदार कचेरीतील अव्वल कारकुनाच्या जागेवरून निवृत्त होऊन मला बरीच वर्षे झाली; वय सत्तरीच्या पलीकडे गेले; बोटांना सकाळच्या प्रहरी वाकण्याची घाई नसते; आणि ज्या वाहनातून वर्षाकाठी दसऱ्याची एक फेरी आणि चार-दोन रविवारी प्रीतिसंगमापर्यंतची रपेट याहून अधिक प्रवास घडत नाही, त्याच्या पोटात इतक्या आस्थेने हात घालण्याचे प्रयोजन काय, असा आमच्या मंडळींनी केलेला सवाल सर्वस्वी रास्त होता. मी त्याला उत्तर दिले नाही. पूर्वी जिथे बैल बांधीत त्या गोठ्याचे दार उघडले, रेडिएटरखालची तोटी सोडली, आणि विटकरी रंगाचे पाणी बादलीत पडताना बघत बसलो.

हा ट्रक आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, घेतला तेव्हाही तो नवा नव्हता. वालचंद हिराचंद यांच्या पुढाकाराने 1944 साली स्थापन झालेल्या प्रीमियर ऑटोमोबाईल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात, अमेरिकेतील क्रायस्लर कंपनीशी झालेल्या करारान्वये, पुढे ज्या गाड्या जोडल्या जाऊ लागल्या त्यांतला तो एक. आणि सख्खी भावंडे निरनिराळ्या घरी दत्तक गेल्यावर त्यांची आडनावे तेवढी बदलावीत, त्याप्रमाणे एकाच घडणीचे ट्रक कोठे डॉज, कोठे डिसोटो तर कोठे फार्गो अशी पाटी लावून विकले जात. आमच्याकडे फार्गो आला. कराडहून गूळ, शेंगदाणा आणि कांदा भरून कुंभार्ली घाटाने चिपळुणास उतरावयाचे, आणि परतताना नारळ, तांदूळ, सुकी मासळी किंवा कौले घेऊन तोच घाट चढावयाचा, असा त्याचा शिरस्ता होता. उतरताना ब्रेकची परीक्षा, चढताना हेडची. दुसऱ्या गियरमध्ये तासभर कण्हत चढणाऱ्या त्या इंजिनाचा आवाज मी लहानपणी केबिनमध्ये सुकटीच्या वासात बसून इतका ऐकला आहे, की आजही एखाद्या नळकांड्याने ठोका चुकविला तर तो माझ्या कानाआधी माझ्या मणक्याला समजतो.

ज्यांचा यंत्राशी संबंध गाडीत बसण्यापुरताच आला, त्यांच्यासाठी थोडा खुलासा केला पाहिजे. हेड म्हणजे इंजिनाच्या सगळ्या नळकांड्यांवरचे एक सामाईक झाकण. आमच्या शेजारच्या अडत्याकडे युद्धकाळातील एक शेवरलेट होता. त्याचे व्हॉल्व हेडमध्येच उलटे टांगलेले, त्यांच्यावर रॉकरची रांग, त्यांना खालून ढकलणाऱ्या लांब दांड्या, आणि बाजूला मॅनिफोल्ड, असा सगळा संसार असल्यामुळे त्याचे हेड उतरविणे म्हणजे भरल्या घरातून बिऱ्हाड हलविणे. आमच्या फार्गोत व्हॉल्व ब्लॉकमध्ये, नळकांड्यांच्या कडेला, तोंड वर करून बसतात. मॅनिफोल्डही ब्लॉकलाच चिकटलेले. तेव्हा हेड म्हणून जे काही उरते ते बिडाचे एक जाड, सपाट आणि वरवर पाहता अगदी निर्बुद्ध वाटणारे ओतकाम. पाणी काढा, वरचा रबरी पाइप सोडा, प्लगच्या तारा बाजूला करा, एकवीस बोल्ट काढा आणि उचला. एकवीस हा आकडा आबांना फार प्रिय होता. गणपतीच्या दूर्वांइतकेच बोल्ट अमेरिकेतील कोणा ख्रिस्ती इंजिनिअराने योजावेत यात त्यांना ईश्वरी संकेत दिसे, आणि हेड बसवून झाल्यावर ते त्यावर एक दूर्वा ठेवीत. ती पहिल्याच फेरीत जळून जाई.

हे ओतकाम निर्बुद्ध मात्र नव्हे. ते उलटे करून पाहिले म्हणजे त्याच्या अंगावर सहा उथळ, एका बाजूस सरकलेले खळगे दिसतात, जणू एखाद्याने ओल्या मातीत सहा वेळा टाच टेकवून ठेवावी. पहिल्या महायुद्धानंतरच्या काळात हॅरी रिकार्डो या इंग्रज संशोधकाने असे दाखवून दिले, की कडेला व्हॉल्व असलेल्या इंजिनाच्या हेडमधील पोकळी मुख्यत्वे व्हॉल्वच्या डोक्यावर ठेवली आणि उरलेला भाग पिस्टनच्या माथ्याच्या अगदी जवळ आणला, तर पिस्टन वर येताच तिथली हवा व पेट्रोल यांचे मिश्रण पिळून निघाल्यासारखे पोकळीत उसळते, भोवऱ्यासारखे फिरते आणि चटकन, एकसारखे जळते. त्यामुळे त्या काळच्या हलक्या पेट्रोलवरही इंजिन ठोके न देता चालते. माझ्यासारख्या सातबारा आणि फेरफार यांत आयुष्य काढलेल्या माणसाला हे ज्ञान एका जुन्या पुस्तकातून वयाच्या पन्नाशीत झाले. आणि ज्या खळग्यांतली काजळी मी मुलगा असताना कंटाळत खरवडली होती, त्यांच्याविषयी तेव्हापासून मनात थोडा आदर उत्पन्न झाला.

पण हेडची ओळख मला झाली ती 1957 च्या उन्हाळ्यात, आणि ती एका फिर्यादीच्या निमित्ताने. त्या वर्षी होळीपासून अक्षय्य तृतीयेपर्यंतच्या अवधीत आमच्या ट्रकने हेडखालची तीन पॅकिंगे जाळली. (पुस्तकात त्याला गॅस्केट म्हणतात, कारखान्यात ते पॅकिंगच.) तांब्याच्या दोन पातळ पत्र्यांच्या मध्ये ॲस्बेस्टॉस दाबून केलेले हे पॅकिंग ब्लॉक आणि हेड यांच्या मध्ये बसते, नळकांड्यातली आग, वाहिन्यांतले पाणी आणि बाहेरची हवा यांना परस्परांच्या हद्दीत शिरू न देणे एवढेच त्याचे काम. ते जळाले म्हणजे गाडी मिसिंग मारू लागते. पाचव्या व सहाव्या प्लगची तार काढली काय आणि ठेवली काय, इंजिनाच्या चालीत फरक पडत नाही. आणि रेडिएटरचे टोपण काढले तर आतले पाणी, चूल नसताना, उकळल्यासारखे बुडबुडते. पहिल्या फिटरने पॅकिंगच्या मालाला दोष दिला. दुसऱ्याने हेडला दोष दिला, आणि आबांच्या खर्चाने त्याचे फेसिंग करून आणले, म्हणजे खालची बाजू यंत्रावर घासून सपाट केली. हेड सपाट झाले, पैसे गेले, आणि पंधरा दिवसांनी हेळवाकच्या अलीकडे गाडी पुन्हा वाफ सोडीत उभी राहिली.

मग आबांनी चाचांना बोलाविले. चाचा हे कराडातले सर्वांत वृद्ध मिस्त्री. दृष्टी अधू, बोलणे थोडे, आणि मजुरीच्या बाबतीत कोणाचीही घासाघीस न चालू देणारे. त्यांनी आल्याबरोबर पाना हाती घेतला नाही. तिन्ही जळकी पॅकिंगे मागविली, अंगणात पोते पसरून ती शेजारी शेजारी मांडली, आणि तपकिरीची चिमूट ओढून कितीतरी वेळ नुसते पाहत राहिले. तिन्हींवर एकाच ठिकाणी, मागच्या दोन भोकांमधल्या अरुंद पट्टीवर, तांबे काळे पडून तुटले होते.

"आबा," ते म्हणाले, "ह्ये तीन येळा एकाच जाग्याकडं बोट दावतंय. अन् तुमी साक्षीदारालाच धरून मारताय!"

पुढे नोकरीत मी शेकडो पंचनामे वाचले. आणि जो इसम घटनास्थळी सापडला त्यालाच आरोपी ठरवून मोकळे होण्याची आमच्या खात्याची तत्परता पाहिली, की पोत्यावरच्या त्या तीन पॅकिंगांची मला आठवण होई.

चाचांनी हेडला हात न लावता रेडिएटर उतरविला, पाण्याचा पंप काढला, आणि त्याच्या मागे ब्लॉकमध्ये जे एक चपटे भोक दिसते त्यात तारेचा आकडा घालून ओढण्यास प्रारंभ केला. या इंजिनाच्या ब्लॉकमध्ये पुढून मागपर्यंत एक लांब नळी निजलेली असते. पंपाने ढकललेले थंड पाणी ती सर्वांत तापणाऱ्या जागी, म्हणजे एक्झॉस्ट व्हॉल्वच्या बैठकींपाशी, आपल्या अंगावरच्या फटींतून थोडे थोडे वाटीत मागपर्यंत जाते. आकड्याला लागून जे बाहेर आले त्याला नळी म्हणणे कठीण होते. गंजलेल्या पत्र्याचे तुकडे, आणि त्यांच्याबरोबर घरच्या बंबाच्या तळाशी साचतो तसला पांढरा, खडबडीत क्षार, ओंजळीने. पुढचा अर्धा भाग सडून गेल्यामुळे सगळे पाणी पुढच्या तीन-चार नळकांड्यांतच सांडत होते. मागच्या दोघांपर्यंत त्याचा हिस्सा पोहोचतच नव्हता. मागले बीड अधिक तापे, अधिक प्रसरण पावे, पॅकिंगवरची त्याची पकड सैल होई, आणि तिथून आग वाट काढी. दोष आमचा होता, आणि तो आमच्या मचूळ विहिरीत होता. कारण नदी चार पावलांवर असताना, आळसाने, वर्षानुवर्षे आम्ही रेडिएटरमध्ये विहिरीचेच पाणी ओतीत आलो होतो.

नवी नळी मुंबईहून येण्यास मुदत लागणार होती. आबांनी जुन्या नळीचे तुकडे जुळवून तांबट आळीत नेले, आणि एरवी घागरी व तपेली ठोकणाऱ्या कारागिराने पितळेच्या पत्र्याची नळी वळवून, फटी मोजून मापून कापून, दोन दिवसांत आणून दिली. ती आज इतक्या वर्षांनी तशीच आहे. यंदाही मी आकड्याने ती ओढून पाहिली. हिरवट झाली आहे, पण फटी मोकळ्या आहेत.

नळी बसल्यावर हेडची पाळी आली, आणि त्या चार दिवसांत चाचांनी मला जे दाखविले त्यातले पुष्कळसे मी अद्यापि तसेच करतो. घाटातल्या ओढ्याचे गार पाणी तापल्या इंजिनात ओतण्याची आमच्या ड्रायव्हरला खोड होती, आणि बीड अशा वेळी रागीट माणसासारखे एकदम तडकते. म्हणून प्रथम तड पाहावयाची. ती डोळ्यांना दिसत नाही. हेड धुऊन त्यावर रॉकेल चोपडावयाचे, थोडा वेळ मुरू द्यावयाचे, कोरड्या फडक्याने लख्ख पुसून घ्यावयाचे, आणि मग शाळेतल्या खडूची पूड त्यावर भुरभुरावयाची. तड असेल तर तिच्यात लपलेले रॉकेल हळूहळू वर येऊन पांढऱ्या पुडीत केसासारखी काळपट रेघ उमटविते. आमच्या हेडवर रेघ उमटली नाही. ती उमटते का हे पाहत मी श्वास रोखून उभा होतो, आणि मॅट्रिकच्या निकालाची वाट मी एवढ्या उत्कंठेने पाहिली नाही.

मग सपाटी. सपाट पाट्यावर तेलात कालवलेल्या शेंदराचा अगदी विरळ हात फिरवून हेड त्यावर अलगद टेकवावयाचे, थोडे हलवावयाचे आणि उचलावयाचे. जिथे शेंदूर लागला तो उंचवटा, जिथे नाही तो खोलगा. मारुतीच्या अंगावर चढणारा तोच हा शेंदूर, म्हणजे शिशाचे एक भस्म. चाचा नमाजी मुसलमान, आणि शेंदराची पुडी आणावयाची ती शनिवारी देवळाजवळच्या दुकानातूनच, कारण त्या दिवशी ताजा माल असतो, असा त्यांचा दंडक होता. उंचवटे त्यांनी पोलादी तासणीने, बोटाच्या नखाने साय काढावी तसे, खरवडून काढले. यंत्रावर पुन्हा फेसिंग करण्यास त्यांचा सक्त विरोध होता; दरवेळी घासाल तर खळगे उथळ होत जातील, दाब वाढेल, आणि गाडी ठोके देऊ लागेल, असे त्यांचे म्हणणे, आणि ते बरोबरच होते.

पिस्टनच्या माथ्यावरची काजळी मात्र मी काढली. लाकडी पट्टीने, ओरखडा न उमटू देता. कडेचे अर्धा बोट रुंदीचे काळे कडे तसेच ठेव, असा हुकूम होता. झिजलेल्या इंजिनात ते कडे तेलाला वर येऊ देत नाही, आणि ते काढणारा अतिउत्साही मुलगा पुढचे सहा महिने गाडीचा निळा धूर पाहत बसतो. व्हॉल्व घासून बसविण्याचे कामही निघाले होते, आणि तिथे माझ्या हातून जो प्रमाद घडला तो सांगितलाच पाहिजे. व्हॉल्वच्या दांड्याला स्प्रिंग धरून ठेवणारी जी दोन अर्धचंद्राकृती लॉक असतात, ती तांदळाच्या दाण्याहून फारशी मोठी नसतात, आणि ज्या कप्प्यात ती काढावयाची त्याच्या तळाशी तेल खाली उतरण्यासाठी भोके असतात. भोकांत चिंध्या कोंब, असे मला बजावले होते. मी कोंबल्या, एक भोक विसरलो. पाचव्या नळकांड्याचे लॉक चिमट्यातून निसटले, कप्प्याच्या काठावर एकदा टिंगकन वाजले, आणि दिसेनासे झाले. चाचांनी माझ्याकडे पाहिले नाही. "आता चेंबर उतर," एवढे म्हणून ते चहाला निघून गेले. तेलाचे सगळे चेंबर खालून सोडून, गाडीखाली उताणे निजून, गाळात बोटे फिरवीत ते दाण्याएवढे लॉक मी संध्याकाळपर्यंत शोधीत होतो. तेव्हापासून मी चिंध्या मोजून कोंबतो आणि मोजून काढतो.

नवे पॅकिंग बाजारात मिळेना, म्हणून चाचांनी तिघांतले त्यातल्या त्यात बरे निवडले आणि त्याची जखम तांब्याच्या पातळ पट्टीने सांधली. मग ते शेगडीवर लालबुंद तापवून पाण्यात बुडविले. पोलाद असे बुडविले तर कडक होते. तांबे मऊ होते, आणि मऊ तांबेच बिडाच्या बारीक खाचाखोचांत शिरून बसते. सांधण्याचे असे उपाय फार दिवस टिकत नसतात. हे मात्र दिवाळीपर्यंत टिकले, आणि तोवर नवे आले. जळक्या पॅकिंगातून निघणारी ॲस्बेस्टॉसची पांढरी पूड आम्ही खुशाल फुंकरीने उडवीत असू, हे आता आठवले की छातीत उगाच खवखवल्यासारखे होते.

सर्वांत अधिक वेळ गेला तो बोल्ट आवळण्यात. काही बोल्ट थेट पाण्याच्या वाहिनीत उतरतात. त्यांच्या आट्यांना सफेदा लावला, नाही तर पाणी आट्यांतून वर झिरपते. आवळण्याचा आरंभ मधोमध करावयाचा आणि दोन्ही टोकांकडे फिरत फिरत जावयाचे, म्हणजे पॅकिंग मधून बाहेर पसरत जाते आणि कोठे सुरकुती राहत नाही. शिवाय एका दमात नाही; तीन फेऱ्यांत. कंपनीच्या पुस्तकाप्रमाणे शेवटचा ताण 65 ते 70 फूट-पौंड हवा, आणि तो मोजणारा पाना त्या काळी आमच्या पंचक्रोशीत कोणाकडे नव्हता. चाचांनी अडत्याच्या दुकानातून गुळाच्या ढेपा जोखण्याचा स्प्रिंगचा काटा आणविला. पान्यावर नळी चढविली, बोल्टाच्या मध्यापासून बरोबर दोन फुटांवर तीत भोक पाडून काट्याचा आकडा अडकविला, आणि पहिल्या फेरीला काटा 15 पौंडांवर येईतो, दुसरीला 25 वर आणि तिसरीला 35 वर येईतो, नळीशी काटकोन राखून मला ओढावयास लावले. दोन फुटांवर 35 पौंड म्हणजे 70 फूट-पौंड. हिशेब गुणाकाराचा होता, पण मला तो जादूसारखा वाटला. बीजगणिताच्या मास्तरांनी वर्षभर जे समजावून दिले नव्हते ते त्या गुळाच्या चिकट काट्याने एका दुपारी समजाविले.

एवढे करूनही काम पुरे होत नाही. इंजिन सुरू करून हात लावता येणार नाही इतके तापू द्यावयाचे, आणि मग त्याच क्रमाने एकवीसही पुन्हा तपासावयाचे, कारण उष्णतेने पॅकिंग दबते आणि ज्यांना आपण घट्ट समजत होतो त्यांतले काही सैल निघतात. चार-दोन फेऱ्यांनंतर पुन्हा एकदा. आधीच्या दोघा फिटरांनी ही पायरी गाळली होती असे आबांनी नंतर सांगितले. नळी सडलेली असताना ती पाळली असती तरी उपयोग काय झाला असता, हा प्रश्न वेगळा.

पुढे काळ फिरला. 1954 मध्ये जमशेदपूरला टाटांनी मर्सिडीज-बेंझच्या सहकार्याने डिझेल ट्रक काढण्यास प्रारंभ केलाच होता. डॉज-फार्गोवाल्यांनी मद्रासच्या सिम्प्सन कंपनीचे पर्किन्स डिझेल इंजिन बसवून घेतले. पेट्रोलवर माल वाहणे हा हळूहळू तोट्याचा सौदा ठरला. आबांनी इंजिन बदलले नाही. बदलण्यासाठी बाजूला ठेवलेली रक्कम आमच्या धाकट्या आत्याच्या लग्नात गेली, एवढेच त्याचे कारण, आणि माझ्या दृष्टीने ते उत्तम झाले. 2000 सालच्या फेब्रुवारीत देशभर शिसेविरहित पेट्रोल आले, तेव्हा जुन्या इंजिनांचे व्हॉल्व आता बैठकींत रुतून बसतील अशी भीती मला कोणीकोणी घातली. पण आमच्या इंजिनात एक्झॉस्ट व्हॉल्वच्या बैठकींना मुळातच कठीण धातूची कडी बसविलेली आहेत. ती अद्यापि तशीच आहेत.

यंदा हेड उचलले तेव्हा उलगडा लगेच झाला. पॅकिंग जुने होऊन पाण्याच्या एका भोकाची कड कुरतडल्यासारखी झाली होती. तिथून पाणी व्हॉल्वच्या कप्प्याकडे आणि तिथून तेलात उतरले होते. तड नाही, सपाटी ठीक. नातवाने माझ्या वाढदिवसाला टॉर्क पाना आणून दिला आहे, तो चांगला आहे, त्यावर आकडेही मोठे आहेत. पण मी खुंटीवरचा गुळाचा काटाच काढला. त्याच्या तबकडीवरचे आकडे मला आता चष्म्यातूनही दिसत नाहीत. म्हणून आमच्या मंडळींना हाक मारली. त्या पदर खोचून, एका हातात बॅटरी घेऊन, डोके गेले म्हणून का होईना माझी आठवण झाली असे काहीसे पुटपुटत आल्या आणि काट्यापाशी वाकून उभ्या राहिल्या. मी ओढावे, त्यांनी वाचावे. तिन्ही फेऱ्या झाल्या; इंजिन तापविले; आणि मग गरम हेडवरून येणाऱ्या सफेद्याच्या आणि तेलाच्या वासात पुन्हा मधल्या बोल्टापासून सुरुवात केली. सोळा बोल्ट पस्तीसला तसूभरही हलले नाहीत.

"हा तिसावरच फिरला," सतराव्याला त्या म्हणाल्या.

मी आकडा पुन्हा नळीत अडकविला.